रायटर : पोलिसाच्या लेखणीविषयी काही टिपणे

काही वर्षांपूर्वी पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात गद्याचे प्रकार शिकवत होतो. कथा, ललित निबंध, चरित्र, प्रवासवर्णन अशी नेहमीची यादी फळ्यावर लिहून झाली आणि मुलांना विचारले, तुमच्या घरात रोज लिहिणारे कोणी आहे का? वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, माझे वडील रायटर आहेत." सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मीही क्षणभर हरखलो आणि ते कोणत्या नियतकालिकात लिहितात, असे विचारून बसलो. ती ओशाळली. "नाही सर, पोलीस ठाण्यात. साहेबांचे रायटर आहेत." वर्ग हसला, मीही हसलो असेन. त्या हसण्याची लाज पुढे बराच काळ मनात राहिली. प्रस्तुत लेख त्या लाजेतूनच आला आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

'रायटर' हा शब्द महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत चांगला रुळलेला आहे. गुन्ह्याचा तपास ज्या अधिकाऱ्याकडे असतो, त्याच्यासाठी जबान्या टिपणारा, पंचनामा लिहिणारा, कागद क्रमाने लावणारा आणि अखेरीस दोषारोपपत्राचे बाड बांधून देणारा हवालदार वा शिपाई म्हणजे रायटर. आपल्या मनातला पोलीस काठी, शिट्टी, गस्त आणि बंदोबस्त यांनी घडलेला असतो. ठाण्याच्या आत पाऊल टाकले की प्रथम दिसतात ती टेबले आणि रजिस्टरे. ठाणे अंमलदार येणाऱ्याची हकीकत ऐकतो, ती दखलपात्र की अदखलपात्र हे पाहतो आणि त्याप्रमाणे नोंद करतो. स्टेशन डायरीत दिवसरात्रीचा सगळा व्यवहार वेळेसह उतरतो. गस्तीला कोण निघाले, कोण परतले, कोठडीत कोणाला ठेवले. बारनिशीचा अंमलदार आवक-जावक सांभाळतो. मुद्देमाल कारकून जप्त वस्तूंना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून त्यांचा वर्षानुवर्षे हिशेब ठेवतो. समन्स-वॉरंट बजावणारा पत्ते शोधत हिंडतो आणि माणूस सापडला वा न सापडला, तरी अहवाल लिहितो. गोपनीयचे काम पाहणारा सभा-मोर्च्यांना जाऊन कोण काय बोलले, किती लोक जमले, हे टिपून आणतो. एकाच खाकी कापडाखाली इतक्या वेगवेगळ्या नोकऱ्या नांदत असतात, आणि एकाच माणसाच्या तीस-पस्तीस वर्षांच्या सेवेत त्यांतल्या पाच-सहा तरी त्याच्या वाट्याला येतात. यांतले जवळजवळ प्रत्येक काम शेवटी लेखणीपाशी येऊन थांबते.

या लेखनाचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे पंचनामा. आपण तो शब्द रूक्षतेला पर्याय म्हणून वापरतो. एखाद्या समीक्षकाने कवितेचा 'पंचनामा' केला, असे म्हणतो. परंतु तो एक गद्यप्रकार आहे आणि त्याचे संकेत काटेकोर आहेत. आरंभी दोन पंच, त्यांची नावे, वये, धंदे, राहणार कोठील; कोणी बोलावले आणि कशासाठी. मग जागेच्या चतुःसीमा. मग वस्तू, एकेक, मापासह. विशेषणांना तेथे जवळजवळ बंदीच असते. सुरा 'भीषण' नसतो. तो अमुक इंच लांबीचा, लाकडी मुठीचा असतो आणि डाग पात्याच्या कोणत्या बाजूस आहे, एवढेच सांगितले जाते. निवेदन 'आम्ही पंच' असे प्रथमपुरुषी अनेकवचनी, पण लिहिणारा हात बहुधा तिसऱ्याच माणसाचा. मौजे, सदर, मजकूर, इसम, समक्ष हे शब्द जुन्या मोडी दफ्तरांतून चालत आलेले. मोडी गेली, पेशव्यांची कचेरी गेली. त्या कचेरीची भाषा मात्र ठाण्यात टिकून राहिली. पदांच्या नावांचेही तसेच. शिवकाळात हवालदार हा गडाचा मुख्य अधिकारी होता. इंग्रजी अमदानीत तो शब्द शिपायाच्या वरच्या पायरीपर्यंत उतरला. 'नाईक' हे नाव तर २०२२ मध्ये महाराष्ट्र पोलिसांच्या पदरचनेतूनच गेले. शब्दांच्या चढउताराचा अभ्यास करणाऱ्याने ठाण्याच्या दारावरचे फलक अवश्य वाचावेत.

आता या लेखनाविषयीची सर्वांत विलक्षण गोष्ट. पोलिसाने लिहिलेच पाहिजे, अशी सक्ती कायद्याने केली आणि त्याने लिहिलेल्यावर विश्वास ठेवू नये, अशी तजवीजही कायद्यानेच केली. तिचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. मद्रास इलाख्यातील छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८५५ मध्ये आला. महसुलाच्या वसुलीसाठी आणि गुन्ह्याच्या कबुलीसाठी खालचे अंमलदार लोकांना कसे छळतात, याचे दाखलेच्या दाखले त्यात होते. पुढे १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि नंतर १८७२ च्या पुरावा कायद्याच्या पंचविसाव्या कलमात स्पष्ट झाले की, पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा होणार नाही. साक्षीदाराची जबानी पोलीस लिहून घेतो, पण तिच्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. तिचा मुख्य उपयोग तो पुढे न्यायालयात वेगळे बोलला तर त्याला खोडण्यापुरता. तपासाची केस डायरी न्यायाधीश पाहू शकतो, पण ती पुरावा नव्हे. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितांच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. कलमांचे क्रमांक बदलले. हा अविश्वास मात्र तसाच पुढे आला. एखाद्या लेखकाने जन्मभर लिहावे आणि त्याच्या वाचकाला पहिल्याच पानावर बजावून ठेवावे की, हा खरे लिहितो असे समजू नका, तशी ही स्थिती आहे. आणि हा अविश्वास अनाठायी होता, असे म्हणण्याचे धाडस इतिहास जाणणारा कोणीही करणार नाही.

गंमत अशी की, पोलिसाच्या शब्दाला साक्षीदार लागतो, हा अनुभव प्रत्यक्ष मुंबईच्या पोलीसप्रमुखालाही आला होता. चार्ल्स फोर्जेट हा १८५५ ते १८६४ या काळात मुंबईच्या पोलिसांत होता. तो युरेशियन कुटुंबातला, हिंदुस्थानातच वाढलेला. पोलिसांत येण्याआधी त्याने मराठी आणि हिंदुस्थानीच्या भाषांतरकाराचे काम केले होते, आणि वेषांतर करून शहरभर हिंडण्याबद्दल त्याची ख्याती होती. १८५७ मध्ये मुंबईतील काही शिपाई उठावाच्या बेतात असल्याची खबर त्याने मिळवली, तेव्हा त्यांचे लष्करी अधिकारी ती खरी मानायला तयार होईनात. अखेर सोनापूर भागातल्या ज्या घरात गुप्त बैठका होत, तेथे त्याने मेजर बॅरो या अधिकाऱ्याला नेले आणि भिंतीच्या भोकांतून त्याचीच माणसे त्याला दाखवली. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोघांना एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. ताडदेवच्या एका रस्त्याला अजून फोर्जेटचे नाव आहे. मुंबई पोलिसांचा जो इतिहास आपण वाचतो, तोही एका पोलिसानेच लिहिलेला. एस. एम. एडवर्ड्‌स हा १९०९ ते १९१६ पर्यंत मुंबईचा पोलीस आयुक्त होता. त्याचे पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासाची १९२१ ची आवृत्ती संपादित करणारा एडवर्ड्‌स तो हाच. सोनापूरच्या घरातले ते शिपाई आपसांत काय बोलत होते, हे आपल्याला कळते ते केवळ भिंतीच्या या बाजूकडून.

भिंतीच्या या बाजूने लिहिलेले त्या बाजूचे आत्मकथन, हा तर एका प्रसिद्ध कादंबरीचा घाटच झाला. फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) निजामाच्या नोकरीत होता. तरुणपणी त्याने पोलिसाचे काम केले. पुढे नळदुर्गच्या मुलखाचा कारभार पाहिला. तुळजापूर आणि शिवकाळ यांच्याभोवती गुंफलेली 'तारा' ही त्याची कादंबरी १८६३ ची. त्याचे नाव झाले ते मात्र १८३९ च्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'मुळे. आमीर अली हा कैदी साहेबापुढे बसून आपले खून सांगतो आणि साहेब ते लिहून घेतो, अशी त्या कादंबरीची रचना. साहेब मधूनमधून एखादा प्रश्न विचारतो, एखादा उद्गार काढतो, एवढाच. आपण कथनशास्त्राच्या तासाला निवेदक आणि श्रोता यांचे नाते समजावतो. पण श्रोत्याच्या हाती कोठडीची किल्ली असेल तर निवेदनाचे काय होते, हा प्रश्न सहसा विचारत नाही. पोलिसाने टिपलेली प्रत्येक जबानी हा प्रश्न विचारते.

तरीही या कागदांवाचून आपले चालत नाही. वासुदेव बळवंत फडके यांना जुलै १८७९ मध्ये पुण्याचे पोलीस अधिकारी मेजर डॅनियल यांनी पकडले. फडक्यांनी स्वतः लिहिलेले आत्मवृत्त आणि दैनंदिनी पोलिसांच्या हाती पडली आणि त्यांच्यावरील खटल्यात पुरावा म्हणून वापरली गेली. त्यांना काळ्या पाण्यावर धाडणारा तोच कागद. मुंबई सरकारने आपल्या दफ्तरांतून स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासाची साधने छापायला घेतली, त्याच्या १९५७ मध्ये निघालेल्या पहिल्या खंडात या लेखनाचे इंग्रजी भाषांतर वाचायला मिळते. ज्यांनी तो आवाज बंद केला, त्यांच्याच दफ्तरात तो जपला गेला.

याहून बोलके उदाहरण १९१६ चे आहे. त्या वर्षी मे-जूनमध्ये लोकमान्य टिळकांनी बेळगाव आणि अहमदनगर येथे स्वराज्यावर व्याख्याने दिली. श्रोत्यांमध्ये गुप्तचर विभागाचे लघुलेखक बसले होते. टिळक मराठीत बोलत गेले आणि त्या माणसांनी ते टिपून घेतले. या टिपणांच्या आधारे जुलैमध्ये टिळकांवर राजद्रोही भाषणांसाठी जामीन घेण्याची कारवाई झाली. जिल्हा दंडाधिकाऱ्याने वीस हजारांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीनदार मागितले. उच्च न्यायालयात टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी तो हुकूम रद्द केला. भाषणातले एखादे वाक्य उपटून त्यावर निर्णय करू नये, ती भाषणे अथपासून इतिपर्यंत वाचावीत आणि त्यांचा एकूण भाव पाहावा, हे त्या निकालाचे सूत्र होते. साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून चांगला वाचनधडा कोणता देणार?

पण मला येथे त्या लघुलेखकाचे कौतुक करायचे आहे. भाषणे अथपासून इतिपर्यंत वाचता आली, कारण त्याने ती बऱ्यापैकी अथपासून इतिपर्यंत लिहिली होती. त्याला हवी तेवढीच दोन-चार जहाल वाक्ये टिपून तो घरी जाऊ शकला असता. आज टिळकांच्या बोलण्याची लय, त्यांचे घरगुती दृष्टान्त, श्रोत्याला कोपरखळी मारण्याची त्यांची रीत आपल्यापर्यंत पोहोचते, तिच्यातला मोठा वाटा सरकारी पगारावरच्या एका अनाम मराठी हाताचा आहे. टिळकांना अडकवण्यासाठी नेमलेल्या माणसाने आपले काम चोख केले आणि त्या चोखपणामुळेच टिळक सुटले.

अर्थात प्रत्येकाच्या नशिबी जिनांसारखा वकील आणि असा न्यायमूर्ती नसतो. पोलिसाच्या लेखणीने ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवले, त्यांचा इतिहास वेगळा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मच गुन्हा ठरवला. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर त्याचा फास देशभर पसरला. नोंदणी, हजेरी, परगावी जायचे तर दाखला. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती. येथे लेखणीला काठीची गरजच उरली नाही. रजिस्टरात नाव चढले की मूल मोठे होऊन काय करणार, हे आधीच लिहिलेले असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशातून गेला. 'सराईत' हा शब्द मात्र ठाण्यातून गेला नाही, आणि त्याच्यासोबत येणारी जुनी ओळखही पुसली नाही.

या रजिस्टराला उत्तर मिळाले ते आपल्याच वाङ्मयात. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये. दुसऱ्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'उचल्या' हे नावच पाहा. जो शब्द ठाण्यात शिक्का म्हणून वापरला गेला, तो लेखकाने मुखपृष्ठावर स्वतः लिहिला. टेलरच्या कादंबरीत साहेब लिहीत होता आणि कैदी बोलत होता. दीडशे वर्षांनी, ज्याची जबानी घेतली जायची, त्याने लेखणी आपल्या हाती घेतली. या आत्मकथनांचा आपण दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या साहित्याच्या संदर्भात विचार करतो, ते योग्यच आहे. पण त्यांच्यामागे एका दुसऱ्या गद्याचा, पोलिसी नोंदीचा, शंभर वर्षांचा ढीग आहे आणि ही पुस्तके त्या ढिगाशी भांडत आहेत, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांचे वाचन अपुरे राहते.

मग लिहिणाऱ्याचे काय? त्याचे स्वतःचे म्हणणे कोठे नोंदले गेले? पोलिसांनी संघटना करण्यावर १९६६ च्या केंद्रीय कायद्याने निर्बंध आहेत. तरीही ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या शिपायांचा असंतोष रस्त्यावर आला. पगार, घरे, कामाचे तास, साहेबांच्या घरची कामे, या त्यांच्या तक्रारी होत्या. संघटनेची मान्यता काढली गेली, पुढाऱ्यांना अटक झाली, लष्कर बोलावले गेले. त्याच वर्षी १८ जानेवारीपासून गिरण्यांचा संप चालू होता. बीडीडी चाळींत गिरणीवाला आणि पोलीस एकाच मजल्यावर राहत. एकाचा संप मोडण्यासाठी ज्याला उभे केले, तोच काही दिवसांनी कोठडीत गेला. गिरणीसंपावर कादंबऱ्या, नाटके, चित्रपट झाले. शिपायांच्या त्या उद्रेकाला मराठी वाङ्मयात तेवढी जागा मिळाली नाही.

पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, 'अर्धसत्य' आला. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली होती. फौजदार अनंत वेलणकर हा एका निवृत्त पोलिसाचा मुलगा. त्याच्या आयुष्यात येणारी ज्योत्स्ना ही साहित्य शिकवणारी प्राध्यापिका. आपल्या व्यवसायाचे माणूस त्या कथेत आहे, हे आपण फारसे लक्षात घेत नाही. वेलणकरच्या मारहाणीत एक आरोपी कोठडीत मरतो आणि मग प्रश्न उभा राहतो की, हे लिहायचे कसे. पुरावा कायद्याने १८७२ मध्ये ज्या लेखणीवर संशय घेतला, ती हीच. त्या क्षणी वेलणकरला कोणत्याही ज्योत्स्नेने शिकवलेले वाङ्मय उपयोगी पडत नाही.

म्हणूनच पुढच्या काळातली एक लहान गोष्ट मला महत्त्वाची वाटते. २०१६ मध्ये मुंबईतील देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला आणि नंतर तो शहरातील इतर ठाण्यांत नेण्यात आला. आहे त्या मनुष्यबळात पाळ्या कशा लावता येतील, याची मांडणी तेथल्याच एका शिपायाने करून पोलीस आयुक्तांपुढे ठेवली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फिर्यादी लिहिणाऱ्यांपैकी एकाने आपली फिर्याद नीट मांडली, आणि ती ऐकली गेली. प्रयोग सर्वत्र सारखा टिकला नाही, हे खरे; बंदोबस्ताचे दिवस आले की घड्याळ पुन्हा विसरले जाते.

आता लेखणीही बदलते आहे. २०१५ पासून महाराष्ट्रातील ठाणी संगणकाच्या जाळ्यात आली. फिर्याद टंकित होते. नव्या संहितेच्या १०५ व्या कलमानुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करायचे असते. 'आम्ही पंच' म्हणणाऱ्या गद्याच्या शेजारी आता मोबाइलचा डोळा उभा राहिला आहे. कदाचित उद्या पंचनाम्याची भाषा आणखी आखूड होईल. खोटेपणाला त्यामुळे आळा बसला तर आनंदच आहे. फक्त कॅमेरा कोठे रोखायचा आणि केव्हा बंद करायचा, हे ठरवणारा हातही त्याच गणवेशातला असेल, याचा विसर पडू नये.

त्या विद्यार्थिनीच्या वडिलांना मी पुढे एकदा भेटलो. ते पालकसभेला आले होते, रात्रपाळी करून, सरळ ठाण्यातून. मुलीच्या पाठ्यपुस्तकातली एक कथा त्यांनी वाचली होती. मी अभिप्राय विचारला तर म्हणाले, "चांगली आहे सर, पण वेळ कुठेच दिलेली नाही. माणूस घरातून किती वाजता निघाला, ते कळत नाही." मी हसलो नाही. मग मीच त्यांच्या लेखनाविषयी विचारले. त्यांना ते नवीन असावे. त्यांनी थोडा विचार केला. "एकोणीस वर्षे लिहितोय. अक्षर माझं असतं सर, सही साहेबांची."

यंदा गद्याच्या प्रकारांची यादी फळ्यावर लिहिताना शेवटी 'पंचनामा' असे लिहिले. मुलांनी कारण विचारले. सांगायला दोन तास लागले.